मुळशी कुणासाठी बुडाली?



संयुक्त महाराष्ट्राच्या सभेत धरणाची गोष्ट कशाला, असे काही शहाणे विचारतील. ते म्हणतील, प्रश्न बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीचा आहे. प्रश्न मराठी भाषेचा आहे. बुडालेल्या जमिनीचे रडगाणे इथे गाऊ नका, त्याने लढ्यात फूट पडेल.

आम्ही गिरणी कामगार या शहाण्यांना रोखठोक सांगतो, धरणाची गोष्ट ही संयुक्त महाराष्ट्राचीच गोष्ट आहे. भाषा काही हवेत राहत नाही. ती बोलणाऱ्या माणसाला पाय टेकायला जमीन लागते, प्यायला पाणी लागते, पोटाला काम लागते. ही तिन्ही काढून घेतलीत, तर मराठी बोलायला उरणार कोण? बंगल्यावरचा पहारेकरी?

म्हणून आज आम्ही मुळशीच्या धरणाचा इतिहास तुमच्यापुढे मांडतो. मुळशीच का? कारण मुळशीच्या पाण्यावर झालेली वीज मुंबईच्या गिरण्यांत आली. मावळातला शेतकरी बुडाला तो गिरणीच्या नावाने, आणि गिरणीतला कामगार पिळला गेला तो त्याच विजेवर. दोघांचा घाम एकाच थैलीत पडला. हे ज्याला कळले, त्याला कामगार आणि शेतकरी यांची एकजूट का हवी हे वेगळे शिकवावे लागत नाही.

कोळशाचा धूर आणि विजेची तार

मुंबईत पहिली कापडगिरणी १८५० नंतरच्या दशकात उभी राहिली. तेव्हापासून साठ वर्षे गिरण्या वाफेवर चालल्या. बॉयलरखाली कोळसा जाळायचा, तो कोळसा बंगालमधून नाहीतर बोटीने परदेशातून आणायचा. मालकांना तो महाग पडे. म्हणून पाण्यापासून वीज करण्याची कल्पना निघाली. जमशेटजी टाटांनी ती मनावर घेतली. ते १९०४ साली वारले. पुढे १९१० मध्ये त्यांच्या मुलांनी कंपनी काढली, लोणावळ्याकडे धरणे बांधली आणि १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईला पोचली. मग आंध्रा नदीवर ठोकरवाडीचे धरण झाले, त्याचे भिवपुरीचे वीजघर १९२२ साली सुरू झाले. तिसरी योजना मुळशीची. तिच्यासाठी १९१९ साली वेगळी कंपनी निघाली.

या योजनांची युक्ती समजून घ्या. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस कोसळतो. तिथल्या नद्या पूर्वेला वाहतात. मुळा पुण्याकडे जाते, तिचे पाणी भीमेला आणि भीमेतून कृष्णेला मिळते. हे पाणी माथ्यावरच अडवायचे, डोंगर पोखरून पश्चिमेच्या कड्यापाशी आणायचे आणि लोखंडी नळांतून खाली कोकणात सोडायचे. दीड हजार फुटांवरून पडणारे पाणी चक्रावर आदळले, की वीज तयार. मुळशीचे पाणी असेच भिऱ्याला उतरवले. पूर्वेच्या दुष्काळी मुलखाकडे जाणारे पाणी वीज करून पश्चिमेच्या कुंडलिका नदीला आणि तिथून समुद्राला जाऊन मिळाले.

युक्ती चांगली आहे. आम्ही यंत्रावर काम करणारी माणसे आहोत, यंत्राला नावे ठेवणार नाही. बॉयलरखात्यातली धग आणि कोळशाची धूळ काय असते हे कामगाराला माहीत आहे. वीज आली हे वाईट झाले असे आम्ही म्हणत नाही. आमचा सवाल एवढाच, की ती आणताना किंमत कुणी मोजली आणि फायदा कुणी उचलला?

मावळ्याला कोण विचारतो?

मुळा आणि नीला या नद्यांच्या संगमापाशी धरण बांधायचे ठरले. वरच्या खोऱ्यात पन्नासच्या आसपास गावे होती, सुमारे अकरा हजार माणसे होती. भाताची खाचरे, आंबेमोहोराचा वास, गुरांचे कळप, देवळे, वडीलधाऱ्यांच्या समाध्या. शिवाजी महाराजांच्या पायदळातले मावळे ज्या मुलखातून आले, तो हा मुलूख. महाराजांचे नाव घेऊन भाषणे ठोकणारे पुष्कळ. पण त्या मावळ्याच्या खाचरावर पाणी चढणार होते, तेव्हा त्याला साधे विचारलेदेखील नाही. जमीन ताब्यात घेण्याआधीच तिच्यात चाचणीचे चर खणायला सुरुवात झाली होती.

कायदा कोणाच्या बाजूने होता? १८९४ चा भूसंपादन कायदा इंग्रज सरकारने केलेला. त्यात अशी सोय होती, की खाजगी कंपनीचे काम लोकोपयोगी आहे असे सरकारने म्हटले, की सरकारच शेतकऱ्याची जमीन सक्तीने घेऊन कंपनीच्या हवाली करी. शेतकरी विकायला तयार आहे की नाही, हा प्रश्नच नाही. किंमत किती, तेही सरकारचा अधिकारी ठरवणार. बळी तो कान पिळी, याला इंग्रजांनी कायद्याचे पुस्तक दिले. आणि हे पुस्तक स्वातंत्र्यानंतरही आमच्या उरावर राहिले. २०१३ साली नवा कायदा झाला आणि १ जानेवारी २०१४ पासून तो लागू झाला, तेव्हा कुठे जुना गेला. एकशे एकोणीस वर्षे!

त्या वेळी सांगितले काय? कोळसा वाचेल, उद्योग वाढेल, हजारो मजुरांना काम मिळेल, देशाचे भले होईल. म्हणजे मावळ्याला बुडवताना आमचे नाव पुढे केले! जणू गिरणी कामगारानेच जाऊन सांगितले होते, की बाबा, मुळशी बुडवा म्हणजे मला भाकरी मिळेल. कामगाराच्या खांद्यावर बंदूक ठेवून शेतकऱ्यावर गोळी झाडायची, हा मालकांचा जुना डाव आहे. तो आजही चालतो, म्हणून आम्ही तो उघडा करतो आहोत.

जान किंवा जमीन

मावळे गप्प बसले नाहीत. १६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस. मुळशीला सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे पुढे होते. धरणाच्या कामावर जाऊन लोक बसले. बायाबापड्या, म्हातारेकोतारे, कडेवर पोर घेतलेल्या माउल्या. घोषणा एकच, जान किंवा जमीन! काम काही काळ थांबवावे लागले. जगात मोठ्या धरणाविरुद्ध शेतकऱ्यांनी केलेल्या पहिल्या लढ्यांमध्ये मुळशीचे नाव घेतले जाते. आणि याच लढ्याने बापटांना ‘सेनापती’ ही पदवी दिली. ती कुठल्या दरबाराने दिली नाही, चिखलात पाय रोवून बसलेल्या मावळ्यांनी दिली.

मग लढा का हरला? याचे उत्तर कामगारांनी नीट ऐकावे.

मावळातल्या पुष्कळ जमिनीवर नाव मावळ्याचे नव्हते. कसणारा मावळा, पण कागदावर पुण्याचा सावकार. कर्जापायी खाचरे केव्हाच सावकाराच्या घशात गेली होती आणि मावळा आपल्याच बापाच्या जमिनीवर कूळ झाला होता. लढा पेटला तेव्हा सगळे एकत्र दिसले. पण सावकाराला जमिनीशी काय देणेघेणे? त्याला हवा पैसा. नुकसानभरपाईचा आकडा वाढला, की त्याचे समाधान झाले. मावळ्याला हवी होती जमीन. सावकार तडजोडीला गेला आणि मावळा उघडा पडला. भरपाई मिळाली ती कागदावरच्या नावाला. ज्याने पिढ्यान् पिढ्या चिखल तुडवला, त्याच्या हातावर काय पडले? कोणी डोंगरउतारावर सरकला, कोणी मजुरी शोधत शहराकडे गेला.

पहिली फळी तुरुंगात गेली, दुसरी फळी तुरुंगात गेली. बापट स्वतः पुन्हा पुन्हा तुरुंगात गेले. शेवटी डिसेंबर १९२४ मध्ये त्यांनी साथीदारांसह कामाची आगगाडी अडवली आणि सात वर्षांची शिक्षा घेतली. धरण पुरे झाले. १९२७ साली भिऱ्याचे वीजघर सुरू झाले.

बंधूंनो, यातून शिकायचे ते हे. ‘आपण सारे मराठी’ एवढ्यावर एकजूट टिकत नाही. सावकारही मराठीच होता, पुण्याचाच होता. भाषा एक असली तरी ताट एक नसते. म्हणून एकजूट करायची ती राबणाऱ्यांची करा.

स्वस्त वीज, महाग भाकरी

आता गिरणीत या. मुळशी बुडत होती तेव्हा मुंबईच्या कामगाराचे काय चालले होते? त्याच्या घरी दिवाळी होती काय?

१९२३ साली गिरणीमालकांनी जाहीर केले, की यंदा बोनस नाही. जानेवारी १९२४ मध्ये दीड लाखाच्या आसपास कामगार संपावर गेले. मार्चअखेरपर्यंत लढले, उपाशी लढले. १९२५ साली मालकांनी पगारात साडेअकरा टक्के कपात केली. पुन्हा संप, सप्टेंबर ते डिसेंबर. ती कपात मात्र मागे घ्यायला लावली. १९२७ साली मुळशीची वीज आली आणि १९२८ साली काय आले? एका माणसाने जादा साचे बघायचे, रिंगखात्यात एकाने दोन बाजू सांभाळायच्या. दोघांचे काम एकाकडून, आणि दुसऱ्याने घरचा रस्ता धरायचा. त्याविरुद्ध एप्रिल ते ऑक्टोबर, सहा महिने गिरणगाव बंद राहिले. गिरणी कामगार युनियनचा लाल बावटा त्याच लढ्यात उभा राहिला.

तेव्हा सांगा, वीज स्वस्त झाली म्हणून कामगाराच्या ताटात जादा भाकरी पडली काय? एका खोलीत दहा-दहा बिऱ्हाडकरू राहायचे थांबले काय? मुळशी ज्या ‘मजुरांच्या भल्यासाठी’ बुडवली, त्या मजुराला मिळाले ते संपातले उपास आणि पोलिसांच्या लाठ्या. मग मुळशी बुडाली कुणासाठी? मालकांच्या नफ्यासाठी!

तोच म्हातारा, तोच मोर्चा

आता त्या शहाण्यांना एक गोष्ट आठवून देतो. नोव्हेंबर १९५५ मध्ये मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी विधिमंडळावर मोर्चा गेला, तेव्हा आघाडीवर कोण होते? पंचाहत्तरी गाठलेले सेनापती बापट. मुळशीचे तेच सेनापती! २१ नोव्हेंबरला गिरण्या बंद ठेवून कामगार फ्लोरा फाउंटनला गेले आणि गोळ्या झेलल्या. पुढे जानेवारी १९५६ मध्ये गिरणगावच्या गल्ल्यांत पुन्हा गोळ्या सुटल्या. शंभरावर हुतात्मे झाले. त्यांत आमचे भाऊबंद होते. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य आले ते कुणी चांदीच्या तबकात घालून दिले नाही, या रक्ताने आणले.

मुळशी आणि फ्लोरा फाउंटन हे दोन लढे वेगळे असते, तर एकच माणूस दोन्हीकडे का दिसला असता? त्यांना हे कळत होते, की जमीन मावळ्याची आणि मुंबई मराठी कामकऱ्याची, ही मागणी एकच आहे. आजच्या पुढाऱ्यांना ते कळत नसेल, तर त्यांनी सेनापतींच्या पुतळ्याला हार घालण्याआधी एकदा मुळशीला जाऊन यावे.

आपले राज्य, आणि कोयना

राज्य आपले झाले. मग तरी धरणग्रस्ताला न्याय मिळाला काय?

कोयनेचे काम १९५४ साली सुरू झाले, १९६२ साली वीज निघाली. आज त्या प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॉटच्या घरात आहे. महाराष्ट्राची भाग्यलक्ष्मी असे तिला म्हणतात. म्हणोत. पण त्या शिवसागराखाली साताऱ्याच्या जावळी आणि पाटण भागातली गावे आहेत. याच भागातून पोरे मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत येत. चाळीतून ज्या गावाला मनिऑर्डर जात होती, तेच गाव पाण्याखाली गेले आणि पत्ताच उरला नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंपाने कोयनानगर कोसळले, सुमारे १८० माणसे गेली. तोही घाव त्याच खोऱ्याने सोसला.

आणि धरणग्रस्तांचे पुनर्वसन करण्याचा कायदा महाराष्ट्रात झाला कधी? १९७६ साली! कोयना भरून वाहायला लागल्यावर बारा-चौदा वर्षांनी. आधी बुडवले, मग कायदा केला. पोराचे बारसे बापाच्या तेराव्याला! साठ वर्षे उलटली, तिसरी पिढी आली, तरी कोयनेचे धरणग्रस्त अलीकडच्या वर्षांपर्यंत जमिनीसाठी ठिय्या देत बसलेले आपण पाहिले. इंग्रजाच्या राज्यात मावळ्याला जे उत्तर मिळाले, तेच उत्तर मराठी राज्यात मराठी भाषेत मिळाले, एवढाच फरक. यासाठी शंभरावर माणसे मेली नव्हती.

आज आम्हीही धरणग्रस्त

कोणी म्हणेल, हे शेतकऱ्याचे दुखणे, कामगाराला काय त्याचे? ऐका.

१८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यानंतर मुंबईच्या गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. भोंगे थांबले. मग मालकांना अचानक कळले, की कापडापेक्षा जमिनीत पैसा जास्त. १९९१ च्या नियमाप्रमाणे गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे व्हायचे होते, एक मोकळ्या जागेला, एक सरकारी घरांना, एक मालकाला. २००१ साली नियमात फेरफार झाला, वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची करायची ठरली, इमारतीखालची जमीन त्यातून सुटली. लोकांचा आणि कामगाराच्या घरांचा वाटा आक्रसला. चिमण्यांच्या जागी काचेचे मनोरे चढले. आणि कामगाराला काय? सोडतीची वाट बघ. नाहीतर मुंबईबाहेर शेलू-वांगणीला जा!

मुळशीत पाणी चढले, गिरणगावात काँक्रीट चढले. मुळशीच्या पाण्याकाठी आज श्रीमंतांचे बंगले आणि हॉटेले आहेत, गिरणीच्या जागेवर त्यांचेच मॉल आहेत. तिथे मावळ्याने वाढप्याचे काम करायचे, इथे कामगाराच्या पोराने पहारा द्यायचा. दोघांनाही सांगितले ते एकच, विकासासाठी त्याग करा. आम्ही विचारतो, त्याग दर वेळी आमच्याच वाट्याला का? एखाद्या थैलीशहाचा बंगला कधी बुडालेला ऐकलात काय?

धरण हवे, पण असे

आमच्यावर आरोप होईल, की हे प्रगतीचे शत्रू, यांना धरणच नको. साफ खोटे. धरण कसे बांधावे हे गिरणी कामगारांनी करून दाखवले आहे.

१९८२ च्या संपात सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याचे कामगार गावी परतले. गावी दुष्काळ. शेतकरी आणि कामगार एकत्र आले, मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. येरळा नदीची वाळू ठेकेदार लुटून नेत होते. लोकांनी हक्क सांगितला, ती वाळू गावाच्या कामासाठी विकून पैसा उभा केला, त्यात लोकांचे श्रम घातले आणि तांदुळवाडी-बलवडीपाशी बळीराजा स्मृती धरण बांधले. पाण्याची वाटणी कशी ठरवली? ज्याची जमीन जास्त त्याला पाणी जास्त, अशी नाही. सगळ्यांना सारखा वाटा, आणि ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्याचा वाटा! धरण लहान, पण त्याचा न्याय मुळशी-कोयनेहून मोठा. लोकांना विचारून, लोकांच्या हातांनी, लोकांसाठी. यालाच आम्ही प्रगती म्हणतो.

आमचे म्हणणे

मुंबईच्या गिरण्यांतून बाहेर फेकलेले, आणि सोलापूर-इचलकरंजीच्या सूतगिरण्यांत आज पाळ्या भरणारे, आम्ही सारे कामगार ही मागणी करतो:

१. आधी पुनर्वसन, मग धरण. मुळशी, कोयना आणि महाराष्ट्रातल्या साऱ्या जुन्या धरणग्रस्तांचा हिशेब चुकता केल्याशिवाय नव्या धरणाची कुदळ मारू नका.

२. ज्या खोऱ्यातले पाणी, त्या खोऱ्याच्या काठच्या गावांना पाणी आणि वीज पहिल्यांदा.

३. भरपाई कागदावरच्या नावालाच नको. कसणारे कूळ आणि मजूरही धरणग्रस्त धरा.

४. मुळशीचे पाणी कुणी, किती आणि कशासाठी वापरायचे, हे कंपनीच्या कचेरीत ठरू नये. लोकांसमोर, मावळ्यांना समोर बसवून ठरवा.

५. गिरणी कामगाराला घर मुंबईत, गिरणीच्या जमिनीवर.

६. सीमाभागासह संयुक्त महाराष्ट्र. २००४ पासून प्रश्न सर्वोच्च न्यायालयात आहे, म्हणून रस्त्यावरचा लढा थांबवू नका.

आणि बेळगाव-निपाणीच्या भावांनो, तुम्हाला आमचा शब्द आहे. तुम्ही या राज्यात येण्यासाठी सत्तर वर्षे झुंजत आहात. ज्या राज्यात तुम्ही याल ते राबणाऱ्याचे राज्य असावे, सावकार आणि थैलीशहाचे नसावे, म्हणून आम्ही इथे झुंजतो आहोत. हे दोन लढे नाहीत. एकाच लढ्याचे दोन मोर्चे आहेत.

मुळशीच्या वेळी मावळ्याला एकटा गाठला, १९२८ ला कामगाराला एकटा गाठला. आता एकटे सापडायचे नाही. धरणग्रस्तांचा मोर्चा निघेल तिथे गिरणी कामगाराचा बावटा दिसला पाहिजे, आणि कामगाराच्या मोर्चात मावळ्याची घोंगडी दिसली पाहिजे.

जान किंवा जमीन!
आधी पुनर्वसन, मग धरण!
बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!
शेतकरी-कामगार एकजुटीचा विजय असो!